चाक बाहेर काढताना

दसरा उलटून दिवाळीचे वेध लागले की, बालाघाटाच्या माथ्यावर वसलेल्या पाटोदा तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. आणि त्यांतील ज्यांचा करार गाडीसेंटरचा असतो, त्या नवराबायकोच्या संसाराचा पुढील पाच-सहा महिन्यांचा सारा भार दोन बैलांवर आणि कारखान्याकडून मिळणाऱ्या एका टायरगाडीवर पडतो. (पाटोदा म्हटले की पुष्कळांना छत्रपती संभाजीनगरजवळचे आदर्श गाव आठवते, ते पाटोदा निराळे. ज्याच्या डोंगरात मांजरा उगम पावते आणि सौताड्याला ज्याच्या कड्यावरून विंचरणा झेप घेते, ते हे बीड जिल्ह्यातील पाटोदा.) दीड-दोन टन ऊस रचलेली ही गाडी फडातून निघून कारखान्याच्या काट्यापर्यंत पोचते ती अवघ्या दोन चाकांवर, आणि ती चाके आसाच्या टोकांना एकमेकांपासून किती अंतरावर बसवावीत हा प्रश्न ज्या कोणा कारागिराने प्रथम सोडवला असेल, त्याने तो कागदावर मांडला नसला तरी नेमका सोडवला आहे. चाके जवळ घेतली तर लादलेली गाडी उलटते. दूर नेली तर बांधावरच्या वाटेत मावत नाही, आणि शिवाय साट्याच्या आधाराबाहेर आलेला आसाचा तुकडा जितका लांब, तितका तो वाकण्याचा संभव अधिक. साटा, आस आणि चाक या तिहींमधील हा जुना तंटा ज्याला उमगला आहे, त्याला जर्मनीत घडलेल्या दोन आसनांच्या स्पोर्ट्स कारच्या चाकामागे सरकवली जाणारी अल्युमिनियमची चकती समजून घेणे जड जाऊ नये.

त्या चकतीला आता सर्वत्र स्पेसर असेच म्हणतात. मोटारीचे चाक ज्या पोलादी तबकडीवर टेकते ती हब. हबमधून बाहेर आलेले पेचाचे खुंट ते स्टड. आणि स्टडांवरून चाक सरकवून वर नट आवळले, की चाक गाडीला जडले. हब आणि चाक यांच्या मध्ये, स्टडांसाठी छिद्रे पाडलेली एक सपाट चकती घातली, तर चाक तिच्या जाडीइतके बाहेर येते. एवढीच करामत. तीन मिलिमीटरांपासून पन्नास मिलिमीटरांपर्यंत जाडीच्या चकत्या बाजारात मिळतात. त्या घेणाऱ्यांचे हेतू मात्र दोन निरनिराळ्या जातींचे असतात. कोणाला मोठे ब्रेक बसवायचे असतात आणि चाकाची आतली बाजू त्यांना घासते, किंवा दुसऱ्या गाडीचे चाक घ्यायचे असते आणि ते फार आत बसते. अशा वेळी चकती ही गरज असते. उरलेल्यांना, आणि संख्येने तेच अधिक, चाके मडगार्डच्या कडेशी येऊन उभी राहिलेली पाहायची असतात. हे दुसरे कारण हास्यास्पद आहे असे मला वाटत नाही. रुंद पायावर उभी राहिलेली गाडी डोळ्यांना स्थिर दिसते, आणि जे स्थिर दिसते ते आवडणे हा मनुष्यस्वभाव आहे. आक्षेप घ्यायचा तो त्या आवडीवर नसून ती पुरवण्याच्या रीतीवर.

खुद्द पाटोद्यात स्पोर्ट्स कार औषधालाही सापडायची नाही. जमिनीपासून वीतभरही उंची नसलेले ते वाहन येथील पहिल्याच गतिरोधकावर पोट घासून थांबेल. या मुलखातले खरे शर्यतीचे वाहन म्हणजे शंकरपटाचा छकडा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने तो बंद झाला, २०२१ च्या डिसेंबरात त्याला तात्पुरती मुभा मिळाली, तेव्हापासून तो पुन्हा धावू लागला, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती मुभा कायम केली. परंतु चाके बाहेर काढण्याची हौस मात्र जीपच्या मार्गाने या भागात कधीच येऊन पोचली आहे. महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीप मुंबईत जुळवण्यास आरंभ केला, आणि तिचे वंशज मराठवाड्याच्या रस्त्यांवर पुढे काळीपिवळी होऊन प्रवासी वाहू लागले, पुढाऱ्यांच्या दारात उभे राहिले, आणि आता थार या नावाने तरुणांच्या स्वप्नात शिरले आहेत. विलिसच्या चाकाला साडेपाच इंची वर्तुळावर पाच स्टड होते. तेच वर्तुळ पुढे बोलेरोपर्यंत टिकले, त्यामुळे एका जीपचे रुंद चाक दुसरीला चढवणे आणि ते बसेना तर मागे चकती घालणे हा उद्योग येथील मिस्त्र्यांना नवा नाही.

बीड रस्त्याला लागून असलेल्या एका गॅरेजात असा एक प्रयोग पाहायला मिळाला. गाडी जुनी जीपच होती. मालक विशीतला मुलगा, आणि कुरिअरने आलेल्या खोक्यातल्या चार चकत्या त्याने मोठ्या ममतेने फळकुटावर मांडून ठेवल्या होत्या. चकत्यांवर बनवणाऱ्याचे नाव नव्हते, धातूचा दर्जा लिहिलेला नव्हता, आणि छिद्रे गोल नसून लांबट होती. म्हणजे पुष्कळ जातींच्या गाड्यांना ती चालावीत अशी तजवीज केलेली. मिस्त्रींनी चाक उतरवले, हबवर साचलेल्या मातीवरून हात फिरवला, आणि पाना बाजूला ठेवून आधी तारेचा ब्रश उचलला. पुष्कळ वेळ ते नुसते घासत होते. गंजाचे पापुद्रे, चिखल, कोणीतरी पूर्वी मारलेला काळा रंग हे सगळे निघून खालचे करडे लोखंड दिसू लागले, तेव्हा त्यांनी एक चकती स्टडांवर सरकवली आणि दोन बोटांनी हलवली. ती खुळखुळली.

"हे चाकाला बसतंय, हबला बसत नाही," मिस्त्री म्हणाले.

"मामा, नट आवळल्यावर बसंल की गच्च."

"नट आवळायला असतोय, बाळा. मधोमध आणायला नसतोय."

मुलाचा चेहरा पडला. चकत्यांचे पैसे बहुधा त्याने साठवून भरले असावेत. मिस्त्रींनी त्या परत खोक्यात भरल्या, लेथवाल्याकडे एक फोन लावला, आणि हबच्या मापाचे भोक असलेली चकती करून घेता येईल का याची चौकशी केली. मी त्यांना विचारले, स्पेसर घालणेच वाईट का? त्यावर ते म्हणाले, "तसं काय नाही साहेब. घालणाऱ्यानं घाई केली की वाईट." आणि पुन्हा ब्रश हाती घेऊन दुसऱ्या हबकडे वळले.

मिस्त्रींच्या नटाविषयीच्या त्या दोन वाक्यांत जे आहे ते यांत्रिकीच्या भाषेत असे मांडता येईल. हबच्या मध्यभागी एक गोल कॉलर वर आलेली असते आणि चाकाचे मधले भोक तिच्यावर घट्ट बसते. चाकाचा मध्य आणि आसाचा मध्य एका रेषेत आणण्याचे काम ही कॉलर करते. पुष्कळ गाड्यांत ही कॉलर आठ-दहा मिलिमीटर उंच असते. पाच मिलिमीटरांची चकती घातली तर तीतून थोडी तरी कॉलर वर उरते आणि चाकाला टेकायला जागा मिळते. दहा मिलिमीटरांची घातली की कॉलर चकतीतच बुडून जाते, आणि चाक केवळ नटांच्या भरवशावर लोंबते. नटाचे तोंड शंकूसारखे असेल तर तो रिमला पुष्कळसा मध्यावर आणतो हे खरे. परंतु चकतीला तो शिवतही नाही, आणि ती मिलिमीटरभर तिरकी राहिली तरी ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. म्हणून चांगली चकती करणारे कारखाने तिच्या आतल्या बाजूला हबच्या मापाचे भोक आणि बाहेरच्या बाजूला तशीच नवी कॉलर कोरून देतात. ही कॉलर कोरायला जाडी लागते. त्यामुळे सातआठ ते बारा मिलिमीटरांच्या दरम्यानची जाडी ही सर्वांत अडचणीची जाडी होय, कारण तेथे जुनी कॉलर संपलेली असते आणि नवीला जागा पुरत नाही. वीस-पंचवीस मिलिमीटरांच्या पुढे आणखी एक प्रकार सुरू होतो: चकती स्वतः हबला नटांनी जखडायची आणि तिच्यातच बसवलेल्या स्वतंत्र स्टडांवर चाक चढवायचे. यात स्टड आखूड पडण्याची भीती जाते, परंतु आवळायच्या नटांची संख्या दुप्पट होते, आणि त्यांतले अर्धे चाकामागे दृष्टीआड राहतात.

आता या सगळ्या व्यवहारातील ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि जिच्यावर सर्वांत अधिक अवलंबून असते, ती सांगतो. गाडीचे वजन स्टड पेलतात असे आपण धरून चालतो. चाक स्टडांना अडकवलेले दिसते, म्हणून ते स्टडांवर टांगलेले असणार, असा हा डोळ्यांचा निवाडा. तो खोटा आहे. नीट आवळलेल्या चाकात स्टडांवर आडवा भार जवळजवळ येतच नाही. नट आवळले की स्टड किंचित ताणले जातात, त्या ताणाने चाक हबवर दाबले जाते, आणि त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांमध्ये उत्पन्न होणारे घर्षणच सारा भार वाहते. हिशेब करून पाहावा. बारा मिलिमीटर व्यासाचा स्टड ११० न्यूटन-मीटरांनी आवळला तर कोरड्या आट्यांवर तो सुमारे साडेचार टनांच्या जोराने चाक दाबून धरतो. पाच स्टडांचे मिळून बावीस-तेवीस टन. धातूवर धातूच्या घर्षणाचा गुणांक पाचवा-सहावा हिस्सा धरला तरी चार टनांच्या आसपास जोर सरकण्याविरुद्ध उभा राहतो, आणि एका चाकावर येणारे वजन असते साडेतीनशे-चारशे किलो. खड्ड्याचा दणका आणि ब्रेकचा ताण त्यात मिळवला तरी शिल्लक उरते. परंतु हा साडेचार टनांचा जोर ज्या ताणातून येतो तो ताण किती? स्टड एवढ्या जोराने ओढला जाऊन लांबतो तो एक दशांश मिलिमीटरही नाही. आणि हबवर मारलेल्या रंगाचा थर, गंजाचा पापुद्रा अथवा चिखलाची पातळ साय यांची जाडी साधारण तेवढीच असते! चाके दोन-चारशे वेळा फिरली, रंगाचा थर चिरडला, पापुद्रा झडला, की तेवढा ताण निघून जातो. नट जागच्या जागी दिसतो, पाना लावला तर सैल लागतो, आणि आता खरोखरच चाक स्टडांवर लोंबू लागते. स्टड त्यासाठी केलेले नसतात. ते प्रत्येक फेऱ्याला थोडे वाकतात, थोडे सरळ होतात, आणि एक दिवस तुटतात. चकती घातली म्हणजे असे पृष्ठभाग एकाऐवजी दोन झाले, म्हणजे मळायला आणि चिरडायला जागाही दोन झाल्या. मिस्त्रींचा तारेचा ब्रश म्हणूनच या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा हत्यारबंद शिपाई होय.

याच कारणाने आट्यांना वंगण लावण्याचा जो उत्साह आपल्याकडे दिसतो तोही आवरावयास हवा. बहुतेक कारखाने कोरड्या आट्यांसाठी टॉर्क सांगतात. त्याच आकड्याला तेल लावलेला नट आवळला तर स्टडावर ताण दीडपट येऊ शकतो आणि तो कायमचा लांबून बसतो. विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असत, ही गोष्ट जुने चालक अजून सांगतात: चाक फिरता फिरता सैल नट स्वतःहून उलगडू नये म्हणून ती योजना होती. पुढे ती बहुतेक गाड्यांतून गेली, कारण नट पुरेसा आवळला असेल तर तो कोणत्याच दिशेला उलगडत नाही आणि आवळला नसेल तर आट्यांची दिशा त्याला फार काळ वाचवीत नाही, हे अनुभवाने ठरले.

चकतीविरुद्ध नेहमी घेतला जाणारा दुसरा आक्षेप म्हणजे बेअरिंग जाते. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु जितके सांगितले जाते तितके नाही. साडेतीनशे किलोंचे ओझे वीस मिलिमीटर बाहेर सरकवले तर बेअरिंगवर सात किलोग्रॅम-मीटरांचे वाकवणारे ओझे वाढते. उलट तीच गाडी वळणावर जोरात नेली तर रस्त्याचा आडवा धक्का टायरच्या उंचीच्या तरफेने त्याच बेअरिंगवर शंभर किलोग्रॅम-मीटरांचे ओझे टाकून जातो, आणि ते सोसण्यासाठीच बेअरिंगची रचना केलेली असते. वीस मिलिमीटरांनी बेअरिंगचे आयुष्य घटेल, यात शंका नाही. परंतु बेअरिंग जाताना आवाज करते, कुंई-कुंई ओरडते, आणि शहाण्या चालकाला पुरेशी सूचना देते. सैल नट देत नाही.

खरा फरक पडतो तो सुकाणूत आणि स्प्रिंगांत, आणि याची जाणीव चकती घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना असते. पुढचे चाक ज्या काल्पनिक आसाभोवती वळते तो आस जमिनीला जेथे मिळतो, त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर कारखान्याने मोठ्या काटेकोरपणे ठरवलेले असते. ते दहा मिलिमीटर असेल आणि आपण वीस मिलिमीटरांची चकती घातली, तर ते तीस झाले, म्हणजे तिप्पट. आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा झटका तेवढ्याच पटीने स्टिअरिंगवर येऊन हातांना खेचू लागतो. तसेच स्प्रिंगचे. चाक त्याला धरणाऱ्या खालच्या आर्मच्या बिजागरीपासून ४०० मिलिमीटरांवर होते ते ४२० वर गेले, तर चाकाची तरफ लांबली, आणि तीच स्प्रिंग चाकाला सुमारे नऊ टक्क्यांनी मऊ लागू लागली. गाडी रुंद पायावर उभी राहिली म्हणून कडक झाली असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात ती मऊ झालेली असते.

मग लाभ काहीच नाही काय? आहे, पण तोही हिशेबाने पाहावा. तेराशे किलोंची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच असलेली आणि दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेली एक स्पोर्ट्स कार घेऊ. ती कडक वळण घेताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ३४७ किलो भार सरकतो. दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटरांच्या चकत्या घातल्या की हा आकडा ३३८ वर येतो. नऊ किलो! शर्यतीच्या मैदानावर सेकंदाचा दहावा भाग ज्याला मोलाचा वाटतो त्याने या नऊ किलोंसाठी जिवाचे रान करावे. पुण्याच्या वाहतुकीत गाडी उभी करून बसणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

श्टुटगार्टच्या पोर्शे कारखान्याचे उदाहरण या ठिकाणी विचार करण्यासारखे आहे. इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेली त्यांची ९११ ही गाडी, म्हणजे मागच्या बाजूला जड आणि वळणावर मागचे टोक बाहेर फेकण्याची तिला खोड. १९७५ साली बाजारात आलेल्या तिच्या टर्बो आवृत्तीला, जिचा कारखान्यातील क्रमांक ९३०, मागे अधिक रुंद पाया देण्यात आला, आणि काही वर्षांच्या गाड्यांत मागच्या चाकांमागे २८ मिलिमीटरांच्या चकत्या कारखान्यातच बसवल्या गेल्या. पुढच्या पिढ्यांतही पाच मिलिमीटरांच्या चकत्या याच कारखान्याच्या अधिकृत सामानात मिळत राहिल्या. म्हणजे चकती ही काही भुरट्या गॅरेजांची करणी आहे असे म्हणण्यास आधार नाही. फरक इतकाच, की त्या चकतीसह लांब स्टड दिले जात, भोकाचे माप हबशी जुळवलेले असे, आवळण्याचा आकडा पुस्तकात छापलेला असे, आणि स्प्रिंगांसकट सारी गाडी तिच्यासह तपासली गेलेली असे. पोर्शेच्या स्टडांचे वर्तुळ १३० मिलिमीटरांचे, मधले भोक ७१.६ मिलिमीटरांचे आणि नट गोलाकार तोंडाचे. शंकूच्या तोंडाचा नट तेथे चढला तर चढलेला दिसतो, परंतु टेकतो एका बारीक कडेवर, आणि आधी सांगितलेला सगळा अनर्थ तेथून सुरू होतो.

आपल्या महाराष्ट्रातही स्पोर्ट्स कार बनली आहे. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात मांडलेली अवंती पुढे पुण्याजवळ तळेगावात तयार होऊ लागली. इंजिन रेनोचे, चालकाच्या पाठीमागे बसवलेले. तिच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. परंतु जो कारखाना गाडीचा सांगाडाच नव्याने काढतो त्याला चाक कोठे उभे करायचे ते आराखड्यावरच ठरवता येते, आणि चकतीचा प्रश्न उद्भवतो तो दुसऱ्याचा आराखडा आपण मागाहून दुरुस्त करू पाहतो तेव्हाच, एवढे त्यातून ध्यानात यावे.

आराखड्यातच ही सोय ठेवण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र पाटोद्याच्या शिवारातच उभे आहे, आणि त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. इंग्लंडात १९४६ साली हॅरी फर्ग्युसनचा जो छोटा करडा ट्रॅक्टर निघाला, त्याच्या मागच्या चाकांची रिम आणि मधली तबकडी वेगळ्या केलेल्या होत्या. त्या उलटसुलट फिरवून आणि बाजू बदलून दोन चाकांमधील अंतर ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांच्या टप्प्याने बदलता येई. कपाशीची ओळ रुंद, तुरीची आणखी रुंद, ज्वारीची निराळी. पीक बदलले की चाके बदलावी. आजचे आपले बहुतेक ट्रॅक्टर हीच पद्धत पाळतात, आणि आंतरमशागतीच्या दिवसांत पाटोद्याचा कोणताही ट्रॅक्टरवाला झाडाखाली जॅक लावून ती तबकडी उलटी करताना दिसेल. येथे मध्ये चकती सरकवावी लागत नाही, स्टड आखूड पडत नाहीत, आणि तबकडी कोणत्याही बाजूने लावली तरी तिचे तोंड हबवर पूर्ण टेकते. ज्याला चाक बाहेर काढायचेच आहे त्याने हाच मार्ग आधी पाहावा: अधिक बाहेर बसणारे, म्हणजे कमी ऑफसेटचे रिम मिळत असेल तर ते घ्यावे. पन्नास ऑफसेटच्या रिममागे पंधराची चकती घालणे आणि पस्तीस ऑफसेटचे रिम घेणे, यांत चाक अगदी त्याच जागी येते. पण सांध्यांची संख्या एकाने कमी राहते. सुकाणूवर आणि स्प्रिंगवर होणारा परिणाम दोन्हीत सारखाच, हेही येथे स्पष्ट सांगून टाकले पाहिजे, कारण रिम विकणारे ते सांगत नाहीत.

कायद्याची बाब थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हे कलम कडकपणे लागू केले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. नोंदणीपत्रात पुढच्या-मागच्या आसांमधील लांबी नोंदलेली असते, दोन चाकांमधील रुंदीचा रकाना नसतो. तेव्हा चकती या कलमात बसते की नाही यावर वकिलांनी खुशाल जाबसाल करावेत. मला त्याहून व्यवहाराचा प्रश्न विमा कंपनीचा वाटतो. अपघात झाला, चाक निखळलेले सापडले आणि मागे निनावी चकती निघाली, तर दावा नामंजूर करण्यास त्यांना याहून सोयीस्कर कैफियत कोणती हवी? जर्मनीत ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे: चकतीसोबत तपासणी संस्थेचा दाखला येतो, बसवल्यावर गाडी तपासून घ्यायची, आणि गरज असेल तेथे बदल वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवायचा. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. पाटोद्याहून जामखेड ओलांडून गेले की अहिल्यानगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, जेथे लष्कराच्या गाड्या तपासल्या जातात. तपासणीचे ज्ञान आणि साधने या प्रांतात आहेत. हौशी मालकाने आपली चकती घेऊन जावे आणि रीतसर दाखला मिळवावा अशी सुलभ वाट मात्र नाही, आणि ती नसल्यामुळे हा सारा धंदा कुरिअरच्या खोक्यांतून आणि अंदाजाने चालतो. बंदीपेक्षा दाखल्याची व्यवस्था अधिक जीव वाचवील, असे माझे मत आहे.

त्या गॅरेजात मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा लेथवरून आलेल्या चकत्या चढत होत्या. भोक हबला इतके नेमके की चकती हाताच्या तळव्याने ठोकून बसवावी लागली, आणि बसल्यावर हलली नाही. मिस्त्रींनी नट आधी हाताने फिरवला आणि फेरे मोजले. स्टडाचा जेवढा व्यास तेवढी तरी लांबी आट्यांत गुंतली पाहिजे, म्हणजे बारा मिलिमीटरांच्या स्टडाला दीड मिलिमीटरांच्या आट्यांचे आठ फेरे, हा नियम त्यांना पुस्तकातून ठाऊक नसला तरी त्यांचा आकडा आठच होता. मागच्या चाकांना सातच भरले. त्यांनी ती चाके पुन्हा उतरवली आणि लांब स्टड येईपर्यंत मागच्या चकत्या लावायच्या नाहीत असे मुलाला सांगितले. मुलगा या वेळी वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हता. पुढचे नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकृतीने, तीन खेपांत आवळले गेले: चाक अधांतरी असताना हलके, जमिनीला टेकताच अर्धे, आणि शेवटी टॉर्क रेंचचा खटका वाजेपर्यंत. तो रेंच त्या गॅरेजातली एकमेव नवी वस्तू होती आणि फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. नंतर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर मडगार्डला अथवा ब्रेकच्या नळीला शिवत नाही ना, हे टॉर्चने पाहून झाले.

स्पोर्ट्स कार असो की जीप, पद्धत हीच. आकडे मात्र ज्याच्या त्याच्या पुस्तकातले. ज्या वाचकांच्या गाडीला चकत्या लावलेल्या आहेत त्यांना एवढीच विनंती, की पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरांनंतर, म्हणजे पाटोद्याहून बीडला जाऊन परत येण्याइतके अंतर झाले की, चाके थंड झाल्यावर प्रत्येक नटाला टॉर्क रेंच पुन्हा लावून पाहावा. एखादा नट जरी फिरला तरी चाक उतरवून, पृष्ठभाग पुन्हा घासून, चौकशी करावी, आणि तो न फिरेपर्यंत मांजरसुंब्याच्या घाटात गाडी घालू नये.